दाजी, काशिनाथला काय सांगू?

दाजी,

परवा जेवताना मी मुद्दाम चुकीचं बोललो. म्हणालो, कळवणचा रस्ता पूर्वी काय सुरेख होता. सगळ्यांनी माना हलवल्या. अक्कानं हलवली, माझ्या बायकोनंसुद्धा हलवली, आणि ती तर माझ्या कुठल्याच बोलण्याला सहसा मान हलवत नाही. तो रस्ता पूर्वी कसा होता हे माझ्या मणक्याला विचारा. मी घास हातात धरून थांबलो. "कोणता रस्ता शरदराव, तुमचा चष्मा उडून नाल्यात पडला होता तोच ना?" असं कुणीच म्हणालं नाही. तुम्ही गेल्यापासून या घरात माझं बोलणं कुणी खोडून काढत नाही. मला इतकं बरोबर असायची सवय नाही हो. घास तसाच गिळला.

तुमच्या कारखान्यातल्या मंडळींनी माझ्याकडून चार ओळी मागून घेतल्या. जन्म, गाव, नोकरी, पश्चात कोण कोण. घरात लिहिणारा म्हणून मीच. म्हणजे लग्नपत्रिकेचा मजकूर आणि सोसायटीच्या पाण्याची तक्रार लिहिणारा. त्या चार ओळींत मी तुम्हाला 'मनमिळाऊ' केलंय. माफ करा, जागा भरायची होती. इथं त्यातलं काही लिहीत नाही. इथं आपल्या जुन्या भांडणाचं बोलायचंय. ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात आणि निकाल द्यायची पाळी माझ्यावर आणलीत. बॉक्सिंगमध्ये ज्याला आजवर एकही निकाल बरोबर ओळखता आलेला नाही, त्याच्यावर.

दहाव्याला काशिनाथ भोये आला होता. सुरगाण्याहून सकाळची पहिली जीप धरून. रामकुंडावर विधी चालला होता तेव्हा हा मागं पायऱ्यांवर उभा. एके काळचा राष्ट्रीय विजेता, पण चपला हातात धरून, कुणाच्या वाटेत यायला नको अशा बेतानं. सगळं आटोपल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "भाऊ माझ्याबद्दल काय म्हणायचे?"

मी म्हटलं, दाजी चांगलंच म्हणायचे, नेहमी नाव काढायचे.

"तसं नाय. आमच्या दोघांच्या बाऊटबद्दल काय म्हणायचे? मी खरंच जिंकलो होतो का?"

मी इकडंतिकडं पाहू लागलो. तो हळू आवाजात सांगत राहिला. त्या लढतीवर त्याची निवड झाली, निवडीवर फौजेत गेला, फौजेनं त्याला खाऊपिऊ घालून विजेता केला, सगळं त्यावरच उभं. आणि सगळं नाशिक तर म्हणतं की ती लढत पंचांनी त्याला फुकट दिली. "ती बाऊटच माझी नसंल," तो म्हणाला, "तर पुढचं सगळं कोणाचं?"

मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. तेराव्याला जेवायला ये, तेव्हा सांगतो, म्हणालो. तालुका कचेरीतल्या खिडकीसारखा. तो बिचारा 'बरं' म्हणून जीप धरायला निघून गेला.

आता ती लढत. तुम्हाला मी काय सांगणार, पण आपल्या घरात ती कशी सांगतात ते एकदा नीट मांडतो. घरातल्यांपैकी ती पाहिली एकट्या बाबांनी. बाबा लासलगावच्या मार्केट यार्डात कांद्याच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी. चष्म्याचा नंबर काढायला नाशिकला आलेले, परतीची एसटी चुकली, स्टँडजवळच्या मैदानात गर्दी दिसली म्हणून तिकडं वळले. बघतात तर दोरांच्या चौकोनात दोन पोरं गुद्दागुद्दी करतायत. बाबांनी जन्मात बॉक्सिंग पाहिलेलं नव्हतं. कुस्ती मात्र रक्तात होती. आसपासच्या जत्रेचा एक फड सोडला नसेल. निळ्या कोपऱ्यात तुम्ही, सातपूरच्या कारखान्यात नुकतेच चिकटलेले. लाल कोपऱ्यात डोंगरातून आलेला हा काटक काशिनाथ. मधल्या राऊंडला काशिनाथ धाडकन पडला. पाठीवर पडला, दोन्ही खांदे जमिनीला. बाबांच्या लेखी तिथं विषय संपला. चितपट. त्यांनी टोपी उडवली, आजूबाजूच्या कुस्तीवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. रेफ्रीनं मात्र काशिनाथला उठवून त्याचे ग्लोव्ह्ज स्वतःच्या शर्टाला पुसले आणि लढत पुढं चालू केली. आणि शेवटी हात वर केला तो काशिनाथचा. तीन जज त्याच्या बाजूनं, दोन तुमच्या.

बाबा त्या जजांच्या टेबलापर्यंत जाऊन भांडून आले म्हणे, की पाठ लागलेली मी या डोळ्यांनी पाहिली. तेही जुन्या नंबरच्या चष्म्यातून. कुणी दाद दिली नाही. मग त्यांनी तुमच्याकडं पाहिलं, तर तुम्ही काशिनाथच्या खांद्यावर हात टाकून हसत होतात. बाबांना तेच भिडलं. एवढा उघड अन्याय होऊन पोरगा हसतोय, म्हणजे याच्यात सोसायची ताकद आहे, आणि आमच्या अक्काचा स्वभाव पाहता ती ताकद जावयात असलेली बरी. घरी येऊन आईला त्यांनी नव्या चष्म्याच्या आधी नवा जावई सांगितला.

लग्न जमलं ते असं. अक्कानं पुढं प्रत्येक नव्या शेजारणीला ही गोष्ट सांगितली. आमच्या ह्यांच्यावर अन्याय झाला, नाहीतर आज फौजेत मोठे अंमलदार असते. तुम्ही समोर बसून शेंगा सोलत असायचात. हो नाही की नाही नाही. लग्नाआधीच तुम्ही ग्लोव्ह्ज सोडले आणि पुढं पंच झालात, त्यावर नाशिककरांनी ठरवून टाकलं की अन्याय सोसलेला माणूस न्याय द्यायला बसला. वर्तमानपत्रातसुद्धा एकदा असंच काहीतरी छापून आलं, ते अक्कानं फ्रीजवर चिकटवलं होतं.

आणि दाजी, काशिनाथच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. तुम्हीच सांगितलं होतंत. पंचाईत झाली ती त्यामुळे.

पण आधी आपल्या भांडणाकडं येतो, कारण ते आठवल्याशिवाय मला तुमची आठवणच येत नाही. नव्वद सालानंतर, काशिनाथ हाताचं हाड मोडून रिंगमधून बाहेर पडला आणि सुरगाण्याला जाऊन भात-नागली करायला लागला, तेव्हापासून आपला वाद सुरू. जिल्ह्यातल्या आजवरच्या सगळ्या बॉक्सरांत त्याची जागा कितवी? मी त्याचा भक्त. माझी पद्धत सोपी होती, मेडलं मोजायची. तुम्ही म्हणायचात, मेडल म्हणजे ज्याच्या त्याच्या नशिबाचा ड्रॉ. त्यानं हरवलेली माणसं कोण ते सांगा. लहान माणसांना हरवून कुणी मोठं होत नाही. मग तुम्ही कॅम्पातल्या त्या जुन्या सुभेदारांना आणायचात, जे दोन्ही हातांनी सारखे खेळायचे. मग रेल्वेतला अँथनी, जो वरच्या वजनाच्या लोकांशी हौसेनं भिडायचा. मी म्हटलं की काशिनाथ पहिल्या पाचात, की तुम्ही त्याचा डावा हात कसा कच्चा आहे ते मला पोळपाटासमोर उभं करून समजावायचात. मी कंटाळून म्हटलं की बरं, नाही पाचात, की लगेच, "असं कसं म्हणता शरदराव? तसे पाय अख्ख्या महाराष्ट्रात कुणाला होते?" तुमचं स्वतःचं मत कोणतं, हे मला कधी कळलंच नाही. माझ्या विरुद्ध जे असेल ते तुमचं.

एकदा मी काशिनाथचा बचाव कमजोर आहे असं कुठंतरी वाचलेलं ठोकून दिलं. पुढच्या रविवारी तुम्ही मला क्लबच्या बॉक्सिंग हॉलवर नेलंत, ग्लोव्ह्ज चढवलेत आणि म्हणालात, मारा. मी डोळे मिटून सगळा जीव एकवटून हात फिरवला, स्वतःभोवती गर्रकन वळलो आणि खाली बसलो. तुम्ही हात देऊन उठवलंत. "हा काही बचाव नव्हता शरदराव," तुम्ही म्हणालात, "मी नुसता उभा होतो." तिथली पोरं माझ्याकडं पाहायची नाहीत अशी सभ्यपणे दोर आवळत बसली होती. त्या सभ्यतेनं जास्त लागलं.

आणि ते चमच्यांचं. गुण देण्याची यंत्रं निघाली तेव्हा तुम्ही मुंबईच्या शिबिरात जाऊन शिकून आलात. रिंगच्या भोवती पाच जज, प्रत्येकापुढं बटणं, आणि पाचांपैकी तिघांनी एकाच सेकंदात बटण दाबलं तरच तो फटका धरायचा. एकट्यानं पाहिलेला फटका म्हणजे न बसलेला फटका. तुम्हाला हे इतकं आवडलं की अक्षय्यतृतीयेला, आखाजीच्या आमरसाच्या जेवणाला तुम्ही ते घरात लागू केलंत. पानावर आपण पाच मोठी माणसं, तुम्ही, अक्का, मी, माझी बायको सुनंदा आणि आई. कुणीही काही दावा केला की वाटीवर चमचा वाजवायचा. तिघांचे चमचे एकदम वाजले तर दावा खरा. सुनंदा म्हणाली की हे घरात कशाला हात लावत नाहीत, तर चार चमचे एकदम वाजले, त्यातला एक आईचा. मी म्हटलं की आंबे मी निवडून आणले, तर अशी शांतता पसरली की शेजारचा रेडिओ ऐकू आला.

दर आखाजीला मी काशिनाथचा दावा मांडायचो. पहिल्या पाचात. माझा चमचा वाजायचा आणि मला खूश ठेवायला सुनंदाचा. अक्का चमचा पदराखाली धरायची. आईला बॉक्सिंग म्हणजे शिव्या नसलेलं भांडण, त्यात ती पडायची नाही. तुमचा हात वाटीशेजारी नुसता पडलेला. एका वर्षी आईनं वाटीवरची माशी चमच्यानं हाकलली आणि मी उडी मारली, तीन झाले. तुम्ही गंभीरपणे आईला विचारलंत की हे मत होतं का. आई म्हणाली माशी होती. तुम्ही दावा फेटाळलात. मी तेव्हा हसलो, पण मनात होतं की तिसरा चमचा तुम्ही वाजवू शकला असतात. एवढं काय जड होतं त्यात?

मग दोन हजार सालानंतर हॉलची नवी भिंत झाली. तिच्यावर जिल्ह्यातल्या आजवरच्या पाच सर्वश्रेष्ठ बॉक्सरांची नावं रंगवायची ठरली आणि क्लबनं निवड तुमच्यावर सोडली. तुम्ही चार नावं दिलीत. पाचव्याला 'बघू' म्हणालात. पेंटरनं चार नावं रंगवून पाचव्या जागी नुसती चौकट काढून ठेवली. उद्घाटनाला काशिनाथ आला होता. त्यानं भिंत वाचली, चौकट पाहिली, सगळ्यांशी हसून बोलला, आपल्याकडं जेवला आणि गेला. भाऊ स्वतः लढलेत, त्यांना माहीत असणार; त्यांनी जागा मोकळी ठेवली म्हणजे निकाल खोटाच असणार. हा किडा त्याच्या डोक्यात त्या दिवशी शिरला. हे मला दहाव्याला रामकुंडावर कळलं. तुम्हाला कळलं होतं का?

मी मात्र त्या चौकटीवरून तुमच्यावर चिडलो होतो. त्याच वर्षी कळवणला शाळांच्या स्पर्धा होत्या, तुम्ही पंच आणि मी तुमच्या स्कूटरवर मागं बसायला. परत येताना चहाला थांबलो. तिथं मी तोंड सोडलं. म्हटलं, दाजी, तुम्ही जळता त्याच्यावर. हरलात म्हणून डूख धरून बसलात. वाटलं होतं, आता खरडपट्टी निघणार. तुम्ही बशीत चहा ओतलात आणि निवत ठेवलात.

"तो पाण्यावर घसरला होता, शरद," तुम्ही म्हणालात. शरदराव नाही, नुसतं शरद. "माझ्याच कोपऱ्यातली बादली कलंडली होती. माझा हात त्याला लागलासुद्धा नव्हता. बाकी तिन्ही राऊंड त्यानं मला धुतलं."

मी विचारलं, मग दोन जज तुमच्याकडून कसे होते?

"ते दोघं नाशिकचे होते."

मी हसलो. तुम्ही नाही. मग हे आजवर कुणाला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, बाबांना सांगायचं होतं, ते राहून गेलं. त्यांनी कुस्ती पाहिली होती आणि चितपट पाहिली होती, त्यांच्या जागी ते बरोबरच होते. "आणि तुझ्या बहिणीनं अन्याय झालेल्या माणसाशी लग्न केलंय. आता एवढा संसार झाल्यावर तिला काय सांगू, की बाई गं, मी नुसताच हरलो होतो?"

आणि ती पाचवी जागा? मी विचारलं. तुम्ही म्हणालात, त्याचं नाव दिलं तर लोक म्हणतील, मोठ्या माणसाकडून हरलो असं दाखवून स्वतःची किंमत वाढवतोय. दुसऱ्याचं दिलं तर तू आत्ता म्हणालास तेच म्हणतील. खरं काय ते मी पंच म्हणून सांगू शकत नाही, मी त्याचा मार खाल्लेला माणूस आहे. मग बशी उचललीत, चहा संपवलात आणि स्कूटरला किक मारलीत. अक्काला बोलायचं नाही, एवढं गिअर टाकताना सांगितलंत. मी नाही बोललो. मला न बोलायला सांगणं म्हणजे मांजराला दूध राखायला बसवणं, पण नाही बोललो.

आता मला सांगा, हे घेऊन मी तेराव्यापर्यंत काय करायचं होतं? काशिनाथला खरं सांगावं, तर ते संध्याकाळच्या आत अक्कापर्यंत येणार, आणि तुमचा हार घातलेला फोटो भिंतीवर असताना तिच्याजवळ होती ती एवढीच गोष्ट. तिला सांभाळावं, तर तो माणूस डोंगरात बसून उरलेलं आयुष्य स्वतःच्या मेडलांकडं संशयानं बघणार. इथं मला तुमचा रागच आला, दाजी. फोटोसमोर उभं राहून मनातल्या मनात मी तुम्हाला बरंच बोललो. आयुष्यभर लोकांच्या फटक्यांचा निकाल सेकंदात देत आलात. या एका निकालाला घाई काय होती, असंच ना? बायकोचा मान राखलात, चांगलं केलंत. पण तो राखायचा म्हणून त्या माणसाचा जन्मभर विचका झाला, तो कुणी मोजायचा?

आणि राग ओसरला की भलतंच आठवायचं. माझी नोकरी सुटली होती ते वर्ष. रोज संध्याकाळी तुम्ही काहीतरी चुकीचं बोलायला यायचात. क्रिकेटबद्दल, पावसाबद्दल, कांद्याच्या भावाबद्दल. मी चिडून वाद घालायचो, आवाज चढायचा, सुनंदा आतून ओरडायची. तुम्ही निघून गेलात की मला भूक लागायची. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्हाला वादाची खोड आहे.

बाराव्या दिवशी मी अक्काकडं गेलो. आधी तिलाच सांगायचं ठरवलं होतं. ती स्वयंपाकघरात खाली बसून दुसऱ्या दिवसाच्या जेवणासाठी डाळ निवडत होती. मी हवापाण्याचं बोललो, आचाऱ्याचं बोललो, गॅसच्या टाकीचं बोललो. ती म्हणाली, काय ते ओक, माझं डोकं खाऊ नकोस.

सांगितलं. कळवणच्या चहापासून सगळं.

तिचा हात डाळीत थांबला. "घसरला होता?"

"पाण्यावर."

"मग बाबा?"

"बाबांनी कुस्ती पाहिली, अक्का. तिथं बॉक्सिंग चाललं होतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिला हसू फुटलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. इतकं हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. मी ताटातली डाळ उगीच इकडची तिकडं केली. खडे परत डाळीत मिसळले, असं नंतर ऐकून घेतलं.

मग तुमची पाळी आली. "हरले होते तर हरले होते म्हणायचं," ती म्हणाली. "मी काय माहेरी निघून गेले असते?" असं बराच वेळ चाललं. तुम्ही असतात तर शेंगा घेऊन बसला असतात. शेवटी ती म्हणाली ते मला माहीत नव्हतं. काशिनाथ नाशिकला आला की आपल्याकडं यायचाच, नागलीचं पीठ घेऊन. अक्का त्याला जेवायला घालायची. सगळं करायची, गरम पोळी, भाजी, ताक. पण एकदा वाढलं की वाढलं. आग्रह करायची नाही. "एवढ्या वर्षांत त्या माणसाला मी एकदासुद्धा 'अजून घ्या' म्हटलं नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, त्याच्या लक्षातही आलं नसेल. ती म्हणाली, न यायला काय झालं, तो जेवत होता ना.

तेराव्याला काशिनाथ आला आणि पंगतीच्या अगदी शेवटच्या पानावर बसला. त्यानं मला काही विचारलं नाही, मान तेवढी हलवली. मी घसा साफ करून वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात आतून अक्का जिलबीची परात घेऊन आली. तुमच्या मोठ्या वहिनी तिला अडवायला उठल्या, तू कशाला वाढतेस आज. ती थांबली नाही. सगळी पंगत सोडून सरळ शेवटच्या पानाशी गेली आणि त्याच्यासमोर खालीच बसली.

"तुम्ही जिंकला होतात," ती म्हणाली. "ते स्वतः शरदजवळ बोललेत. तुमचा पाय घसरला होता. ते हरले होते."

पंगत ऐकत होती. काशिनाथनं हातातला घास पानात ठेवला. मग म्हणाला, "मग मला का नाय सांगितलं त्यांनी?"

"मला तरी कुठं सांगितलं?"

दोघं तुमच्यावर एकदम रुसलेले, एका पानाच्या अलीकडं पलीकडं. मग अक्का म्हणाली, "अजून घ्या," आणि त्यानं पानावर आडवा धरलेला हात बाजूला सारून दोन जिलब्या टाकल्या. तिसरी टाकताना तिनं विचारलं, "कसे खेळायचे ते? बरे खेळायचे का?"

"भाऊ?" काशिनाथनं मान वर केली. "वहिनी, शेवटच्या राऊंडला माझे पाय गेले होते. घंटा झाली म्हणून मी उभा राहिलो. पुढं लय मोठ्या मोठ्यांशी खेळलो, पार परदेशात खेळलो. पण तसा मार परत कोणी दिला नाय."

आता घ्या, दाजी. तुमचीच मोजपट्टी, हरवलेली माणसं कोण ते सांगा. सांगतो. काशिनाथला पाचात बसवायचा तर ज्यांना त्यानं हरवलं त्यांत पहिले तुम्हाला मोठं म्हणावं लागतं. त्याला मोठं म्हणू देत नव्हतात ते यासाठीच ना? तीन राऊंड त्यानं धुतलं म्हणालात, शेवटच्याचं एवढं गाळलंत. क्लबवाल्यांनी मला विचारलं तर मी काशिनाथचं नाव सांगणार आहे, आणि का ते विचारलं तर तुमचं. फेटाळा बघू.

अक्का अजून तिथंच बसून होती. परात मांडीवर घेऊन. तिनं तुम्हाला कधी ग्लोव्ह्ज घातलेलं पाहिलं नव्हतं. पंच म्हणून पांढऱ्या शर्टात पाहिलं, अंमलदार झाला असतात अशा कल्पनेत पाहिलं, पण लढताना एकदाही नाही. "म्हणजे कसे खेळायचे?" तिनं पुन्हा विचारलं.

काशिनाथ अर्ध्या पानावरून उठला. उष्टा हात तसाच. पंगत आणि भिंत यांच्यामधल्या जागेत तो उभा राहिला, डावा खांदा जरा खाली सोडला, हनुवटी छातीशी घेतली, पाकानं माखलेली मूठ गालाशी आणली. "भाऊ असे उभे राहायचे," तो म्हणाला. मग एक पाऊल पुढं, अर्धं मागं, आणि डावा हात निघाला तो दिसलाच नाही, परत जागेवर आलेला दिसला. वाढपी भाताचं पातेलं घेऊन होता तिथंच थांबला. तुमच्या वहिनी म्हणाल्या, अहो त्यांचं जेवण व्हायचंय.

"परत दाखवा," अक्का म्हणाली.